स्टेटस टाकावं की गप्प बसावं? पोस्टचं बटण दाबण्याआधीच्या पायऱ्या

जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडायची की नाही, यावरून सगळं सोलापूर दोन गटांत वाटलं गेलं होतं. होटगी रोडच्या विमानतळाला ती आड येते, ती गेल्याशिवाय विमान उतरणार नाही, असं शहरातले व्यापारी म्हणत होते. ऊस घालणारे सभासद विचारत होते, चिमणी गेली तर आमचा ऊस वेळेवर कुठं गाळायचा? माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. बाहेरगावच्या खरेदीदारांना इथं पोचायलाच दिवस लागतो, म्हणून मी विमानाच्या बाजूची. एका रात्री मी व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं: ‘एका चिमणीसाठी दहा लाख लोकांना वेठीस धरणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.’

सकाळी ते कुणी कुणी पाहिलं याची यादी उघडली, तर त्यात माझे मामा होते. दक्षिण सोलापूर तालुक्यात त्यांची चार एकर जमीन, आणि सगळा ऊस त्याच कारखान्याला. त्यांनी उत्तर दिलं नाही. १५ जूनला चिमणी पाडली गेली. त्या संध्याकाळी मी फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. त्या वर्षी भाऊबीजेला आई ओवाळणीचं ताट तयार करून बसली होती. मामा आले नाहीत.

विमानतळ व्हायला हवा होता, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. मत मांडल्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या पद्धतीने मांडलं, त्याचा आहे. त्यानंतर मी स्वतःसाठी काही पायऱ्या ठरवल्या, पुढे कॉलेजला जाणाऱ्या मुलीला शिकवल्या, आणि त्या नीट लिहून काढाव्यात असं बरेच दिवस मनात होतं.

पहिली पायरी: आधी स्वतःलाच पाठवा

डोक्यात आलेलं वाक्य थेट स्टेटसच्या किंवा फेसबुकच्या चौकटीत लिहू नका. वहीत लिहा, किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवा. मग त्याचे तीन भाग पाडा: यात माहिती कोणती, मत कोणतं, आणि कुणावर तरी काढलेला राग कोणता?

पाण्याचं उदाहरण घेऊ, कारण सोलापुरात पाण्याबद्दल न बोललेला माणूस सापडणार नाही. ‘महापालिकेतले सगळे चोर आहेत, उजनी भरलेलं असून आम्ही तहानलेले.’ यात उजनी धरण भरलेलं आहे आणि पाणी येत नाही, ही माहिती. ‘सगळे चोर’ हा राग. आणि मत? ते या वाक्यात कुठंच नाही. पाणी का मिळत नाही आणि काय व्हायला हवं, याबद्दल लिहिणाऱ्याने एक शब्दही काढलेला नाही. मी माझी जुनी स्टेटसं अशी सोडवून पाहिली, तेव्हा निम्म्याहून जास्त जागी मताचा रकाना रिकामाच राहिला. तो रिकामा असेल, तर तुम्हाला मत मांडायचं नाहीये, मन मोकळं करायचंय. त्यासाठी मैत्रिणीला फोन लावा.

दुसरी पायरी: वाचणाऱ्यांची तोंडं आठवा

‘लोक वाचतील’ असं मनात आणू नका. सहा माणसं निवडा आणि ती समोर बसली आहेत असं समजून वाक्य मोठ्याने वाचा. माझी सहा माणसं अशी: मामा, माझे कटिंग मास्टर, ज्या शाळेला मी गणवेश देते तिथल्या मुख्याध्यापिका, शेजारच्या दुकानातले चाचा, सासूबाई, आणि माझ्याकडून पैसे येणं असलेला कापड व्यापारी. मोठ्या शहरात तुमचं लिखाण अनोळखी माणसं वाचून पुढे जातात. इथं वाचणारा माणूस संध्याकाळी नव्या पेठेत भेटतो आणि रविवारी त्याच मंगल कार्यालयात आपल्याच पंगतीला बसलेला असतो.

दुसरं म्हणजे आपल्या गावात घराघरात भाषा वेगळी आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी. माझे कटिंग मास्टर पद्मशाली समाजातले, घरी तेलुगू बोलतात. त्यांचे आजोबा हातमागावर काम करायला इथं आले. एकदा नोकऱ्यांच्या प्रश्नावर मी ‘बाहेरच्यांना आवरा’ असं लिहिलं होतं. माझ्या मनात भलतेच लोक होते. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कापड पसरता पसरता विचारलं, ‘म्याडम, त्या बाहेरच्यांत आमी येतो का?’ मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी वाक्यातले अनेकवचनी शब्द शोधते. ‘हे लोक’, ‘असल्यांना’, ‘त्यांची पिलावळ’, ‘बाहेरचे’. हा शब्द नेमक्या किती माणसांना लागू होतो, आणि त्यातल्या किती जणांनी ती चूक केली आहे? एका ठेकेदाराबद्दल बोलायचं असेल तर ‘हा ठेकेदार’ लिहा. एका निर्णयाबद्दल असेल तर निर्णयाचं नाव आणि तारीख लिहा. कित्येक भांडणं एवढ्यानेच मिटतात.

तिसरी पायरी: किंमत कोण मोजणार?

सरकारी नोकरीत असाल, तर आधी नियम वाचा. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. शिवाय जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला: वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, गोपनीय कागद पसरवू नका. हा निर्णय मला पटलेला नाही. शाळेच्या छताबद्दल शिक्षकानेच बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं? पण मोडल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हे माहीत असूनच पाऊल उचलावं. खासगी नोकरी असेल तर नेमणूकपत्र काढून वाचा.

धंदा असेल तर गिऱ्हाईक जाईल ही भीती असतेच. ती खरी आहे, पण बहुतेक वेळा वाटते त्याहून कमी. माझं एक गिऱ्हाईक गेलं, दोन नवी आली.

याहून मोठी गोष्ट मला उशिरा कळली. एकाच वाक्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. माझ्याकडे ओव्हरलॉक मशीनवर एक मुस्लिम मुलगी काम करते. दंगलीच्या बातम्यांवर मी काही लिहिलं होतं, ते वाचून ती म्हणाली, ‘हेच मी लिहिलं असतं तर अब्बांना चौकीवर बोलावलं असतं.’ बाईने लिहिलं की मुद्दा बाजूला राहतो आणि तिच्या दिसण्यावर, नवऱ्यावर, चारित्र्यावर घसरतात. दलित मुलाने जातीबद्दल लिहिलं की गावाकडच्या त्याच्या आईवडिलांना ऐकवलं जातं. म्हणून हिशेब करताना दोन्ही बाजू मांडा. माझ्यावर काय येईल, हा झाला एक प्रश्न. दुसरा असा, की ज्याच्यावर याहून जास्त येईल त्याच्या वतीने मी बोलू शकते का? ज्याला कमी सोसावं लागणार आहे, त्याने गप्प बसण्याआधी दोनदा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

चौथी पायरी: कायदा नेमका काय म्हणतो

इथं अफवा फार आहेत, म्हणून जरा थांबून सांगते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, ज्याखाली ‘त्रासदायक’ पोस्टसाठी अटक व्हायची, ते आता नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर या कलमाला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं. ‘सहासष्ट अ लावतो’ अशी धमकी आजही कुणी दिली, तर ती पोकळ आहे.

बाकी कलमं मात्र जागेवर आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे आकडे बदलले. धर्म, जात, भाषा यांवरून गटागटांत वैर पसरवणं हे कलम १९६, पूर्वीचं १५३अ. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं हे कलम २९९, पूर्वीचं २९५अ. लोकांत घबराट किंवा वैर पसरेल अशी खोटी माहिती देणं हे ३५३. बदनामी ३५६ मध्ये येते, तिला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. ‘मी खरं लिहिलं, मला कोण काय करणार’ असं अनेकांना वाटतं. बदनामीच्या गुन्ह्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. ठेकेदाराचं निकृष्ट काम हा लोकहिताचा विषय. त्याच्या घरातली भांडणं हा नाही.

न्यायालयांनी अलीकडे बोलणाऱ्यांना चांगला आधार दिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये कलम ३७० रद्द केल्याचा दिवस काळा दिवस असल्याचं स्टेटस ठेवलं, पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क नागरिकाला आहे, असं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं, की शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, कच्च्या मनाच्या माणसाच्या नजरेने नव्हे.

पण प्राध्यापकांच्या तारखा पुन्हा पाहा. ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२४. मधल्या काळात उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकारही दिला होता. शेवटी कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला, पण दीड वर्षाहून जास्त काळ त्यांना तो भार वाहावा लागला. तुमच्या घरात तेवढा दम आहे का, हे लिहिण्याआधी घरच्यांना विचारा.

पोलिसांनी बोलावलंच तर घाबरून पोस्ट उडवू नका आणि एकटे जाऊ नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची लेखी नोटीस देतात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर देऊन चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ग्रुपच्या ॲडमिनबद्दलही विचारतात. दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. त्यात त्याचा हात किंवा आधीपासूनचं संगनमत असेल, तर गोष्ट वेगळी.

पाचवी पायरी: खरं आहे का?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. भिक्षुकी करत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, कारण मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. त्यातले बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यातल्या कितीतरी जणांना आपण सावधगिरीचा इशारा देतोय असंच वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली.

म्हणून माझा नियम कडक आहे. दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे पुष्कळदा फिरलेला मेसेज मी पुढे पाठवत नाही, तो माझ्या मताच्या बाजूचा असला तरी नाही. जे लिहायचं त्याला स्वतः पाहिलेलं, कागदावर असलेलं, किंवा नाव देऊन बोलणाऱ्या माणसाने सांगितलेलं, यापैकी एकाचा आधार हवा. फोटो असेल तर कधीचा आणि कुठला, हे फोटोबरोबरच लिहा.

सहावी पायरी: एक रात्र जाऊ द्या

कधी थांबायचं? राग नवा असेल तेव्हा. गड्ड्याची यात्रा, मिरवणुका, उरूस, निवडणुकीचे शेवटचे दिवस, शेजारच्या जिल्ह्यात काही पेटलेलं असताना. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इतिहासातल्या राजांवरच्या स्टेटसवरूनच तणाव वाढला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. अशा दिवसांत त्या राजांवर मत देण्याची काही घाई नसते. ते महिन्याने दिलं तरी चालतं.

काही गोष्टी मात्र थांबल्या की मरतात. हरकती नोंदवण्याची मुदत संपत आली आहे, उद्या सकाळी झाड तोडणार आहेत, एखाद्या मुलीला आत्ता ग्रुपवर घेरलं जातंय. तिथं रात्र घालवू नका.

सातवी पायरी: जागा निवडा

स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण पहिल्याच मिनिटाला त्याचा स्क्रीनशॉट निघू शकतो. व्हॉट्सॲपचा मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला साधारण अडीच दिवस मिळतात, दुरुस्त करायला पंधरा मिनिटं. फेसबुकवर पोस्ट दुरुस्त केली तरी आधीचा मजकूर लोकांना उघडून पाहता येतो. ‘फक्त मित्रांसाठी’ हा पर्याय तुमच्या सर्वात कच्च्या कानाच्या मित्राइतकाच सुरक्षित आहे.

गणपती मंडळाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर राजकारण टाकू नका. भित्रेपणा म्हणून सांगत नाही. त्या ग्रुपवर लोक दुसऱ्या कामासाठी आलेले असतात आणि त्यांना उठून जाता येत नाही.

आणि पुष्कळदा सर्वात बोचरी जागा समाजमाध्यम नसतेच. आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजवर मी दोन वर्षं पोस्टी टाकल्या, लोकांनी रागाची चिन्हं टाकली, ड्रेनेज तसंच. शेवटी माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज दिला: मंजूर रक्कम किती, काम कुणाला दिलं, पूर्ण कधी व्हायचं होतं? तीस दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक असतं. ते उत्तर आलं, मी ते कागदासकट फेसबुकवर टाकलं, आणि पंधरवड्यात माणसं खोदायला आली. मत तेच होतं, आता त्याच्या हाताला कागद होता.

आठवी पायरी: लिहायचंच ठरलं, तर

छोटं लिहा. एका पोस्टमध्ये एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात तुम्ही कुठं उभ्या आहात ते सांगा, म्हणजे तुमचा स्वार्थही. दुसऱ्या बाजूचा सर्वात चांगला मुद्दा तुमच्या शब्दांत मांडा, मग तुमचा. शेवटी नेमकं काय व्हावं ते लिहा. टोपणनाव घेऊ नका, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.

चिमणीचं ते स्टेटस आज मी असं लिहिलं असतं: ‘माझा गणवेशाचा धंदा आहे, विमान आलं तर मला फायदा आहे, म्हणून मी विमानतळाच्या बाजूने आहे. कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांचं नुकसान होऊ शकतं, हेही खरं आहे. चिमणी काढायची असेल तर गाळप थांबू नये याची सोय आधी व्हावी.’ मत एक इंचही मागे घेतलेलं नाही. मामांनी यावर वाद घातला असता. घालायला हवाच होता.

नववी पायरी: टाकल्यानंतर

पहिले दोन तास फोन जवळ ठेवा. चुकीचा अर्थ पसरतोय असं दिसलं तर त्याच वेळी खुलासा करता येतो. प्रश्न विचारणाऱ्याला एकदा, फार तर दोनदा उत्तर द्या. शिवी देणाऱ्याला देऊ नका. धमकी आली तर ब्लॉक करण्याआधी नाव, नंबर, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मूळ मेसेज जपून ठेवा, आणि सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. अंगावर येण्याची भीती असेल तर ११२. बायकांना आणखी एक सांगते: घाण कमेंट एकटीने वाचू नका. फोन बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे द्या, तिला वाचू दे, कामाचं तेवढं ती सांगेल. माझी मुलगी माझ्यासाठी हे करते आणि मी तिच्यासाठी.

ग्रुपवर दुसऱ्या कुणाला घेरलं जात असेल, तर मोठं भाषण नको. ‘हे बरोबर नाही, काढा’ एवढं एकाने लिहिलं की आणखी दोघं लिहितात. मी हे तीनदा पाहिलं आहे. आणि त्या व्यक्तीला वेगळा फोन करा.

आपलंच चुकलं असेल तर पोस्ट गुपचूप गायब करू नका. जिथं चूक केली तिथंच, तितक्याच लोकांसमोर, ‘मी अमुक लिहिलं होतं, ते चुकीचं होतं’ असं लिहा. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ ही पळवाट घेऊ नका. आणि माणूस ओळखीचा असेल तर त्याच्या घरी जा.

मला जायला नऊ महिने लागले. मार्चमध्ये गेले तेव्हा मामा उसाला पाणी देऊन येत होते. मी म्हणाले, ‘विमानतळाबद्दल मला आजही तेच वाटतं. पण तुम्हाला लाज वाटली पाहिजे असं मी लिहिलं, ते चुकलं.’ ते बराच वेळ पाय धूत राहिले. मग म्हणाले, ‘आधी इचारलं असतंस तर सांगितलं असतं की गं.’ आणि त्यांनी सांगितलं: तोडणीची टोळी वेळेवर मिळाली नाही तर उसाला तुरा कसा येतो, वजन कसं घटतं, लांबच्या कारखान्याला घालायचा म्हटलं तर काय अडचणी येतात, दोन मुलींच्या फिया कुठल्या बिलातून जातात. मामी चहा ठेवून गेली, तो गार झाला. परत येताना एसटीत मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. ते स्टेटस टाकलं त्या रात्री यातलं मला काहीच माहीत नव्हतं.